पेणच्या गणेशमूर्ती व्यवसायातील कार्यालयीन नोंदपद्धती : चलन, खतावणी आणि संगणक

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या किनारी पट्ट्यातील लघुउद्योगांचा विचार करताना पेण तालुक्यातील गणेशमूर्ती व्यवसायाचे नाव प्रथम घ्यावे लागते. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत या परिसरातील गावांत घराच्या पडवीत चालणाऱ्या कामापासून ते मोठ्या शेडमध्ये अनेक कारागीर राबणाऱ्या कारखान्यापर्यंत या व्यवसायाची सर्व रूपे आढळतात. येथील मूर्ती मुंबई, पुणे आणि राज्याच्या अन्य भागांत तर जातातच, परंतु परदेशस्थ मराठी कुटुंबांकडेही जातात. पेणच्या कलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या कलेला आधार देणाऱ्या कचेरीविषयी, म्हणजे टेबल, वही, पावतीपुस्तक आणि अलीकडे संगणक यांविषयी, त्या मानाने कमी.

लघुउद्योगाच्या संगणकीकरणाची चर्चा बहुधा ‘कोणती संगणकप्रणाली घ्यावी’ या प्रश्नापासून सुरू होते. पेणच्या संदर्भात हा प्रश्न दुय्यम आहे. माल कारखान्याबाहेर पडला त्या दिवशी, त्या क्षणी, कोणता कागद तयार झाला आणि त्यावर कोणाची सही झाली, हा खरा प्रश्न होय. तो कागद नसेल तर संगणकात भरली जाणारी नोंद ही केवळ स्मरणाची नोंद ठरते आणि उधारी वसूल करण्यासाठी कायद्याने दिलेली साधने हातात असूनही वापरता येत नाहीत.

व्यवहाराचे स्वरूप

या व्यवसायाचे काम बारमाही असले तरी विक्री हंगामी आहे. साचे, माती, रंग व मजुरी यांवर खर्च अनेक महिने होत राहतो आणि पैसा मात्र गणेशचतुर्थीच्या आगेमागे येतो. चतुर्थीची तारीखही स्थिर नसते. २०२३ साली ती १९ सप्टेंबरला आली, तर २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणजे एका वर्षाच्या अनुभवावर बेतलेले रोख रकमेचे अंदाजपत्रक दुसऱ्या वर्षी तीन आठवड्यांनी चुकू शकते.

काही मूर्ती कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, अशाच विकल्या जातात. काही रंगकाम व डोळ्यांची आखणी पूर्ण करून. काही काम घरोघरी नगावर दिले जाते. घाऊक ग्राहक थोडी आगाऊ रक्कम देऊन माल उचलतो आणि उरलेला हिशोब विसर्जनानंतर होतो. त्या हिशोबात तुटफूट, न खपलेल्या मूर्ती आणि ‘गेल्या वर्षीचे राहिलेले’ अशा तीन वजावटी बहुधा असतात. या तिन्हींचे मूळ कागदाच्या अभावात आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. मूर्ती वाटेत फुटली की दुकानात, हे दोन महिन्यांनी कोणीही निश्चित सांगू शकत नाही.

डिलिव्हरी चलन

बीजक आणि चलन यांत वाणिज्य शाखेचा विद्यार्थीसुद्धा अनेकदा गफलत करतो. बीजक किंमत सांगते, तर चलन माल गेल्याचे आणि पोहोचल्याचे सांगते. वस्तू व सेवा कराच्या नियमावलीतील नियम ५५ मध्ये डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती सांगितल्या आहेत : मूळ प्रत माल घेणाऱ्यास, दुसरी वाहतूकदारास आणि तिसरी पाठविणाऱ्यास. माल पसंतीवर पाठविला असेल, म्हणजे खपेल तेवढा ठेवून बाकीचा परत करावयाचा असेल, तर तो चलनावर पाठविता येतो. मात्र विक्री ठरताच, आणि कोणत्याही स्थितीत सहा महिन्यांच्या आत, बीजक काढावे लागते. ज्या कारखान्यास या कराची नोंदणी लागू नाही त्याच्यावर हा नियम बंधनकारक नाही. तरीही तीन प्रतींची पद्धत त्यानेही उचलावी इतकी ती उपयुक्त आहे.

मूर्ती व्यवसायासाठी अशा चलनावर छापील नमुन्याहून थोडे अधिक असावे लागते. आकार, उंची, माती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिस, कच्ची की रंगवलेली आणि नगसंख्या हे रकाने तर हवेतच; त्यांखेरीज ‘उतरवून घेताना फुटलेले नग’ असा एक रकाना आणि त्याखाली माल घेणाऱ्याची तारखेसह सही हवी. टेम्पोचालक परत येताना ही सही केलेली प्रत घेऊन आला, तर तुटफुटीचा वाद निम्म्याहून अधिक तेथेच मिटतो. चालकाला त्या कागदाचे महत्त्व समजावून सांगणे हेदेखील कार्यालयीन कामच आहे, जरी ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नसले तरी.

पंचेचाळीस दिवसांचा कायदा

या सहीला इतके महत्त्व देण्याचे कारण सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ यामध्ये आहे. २ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या या अधिनियमाच्या कलम १५ अन्वये सूक्ष्म वा लघु उपक्रमाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. विलंब झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते.

हा ‘स्वीकार’ केव्हा झाला असे मानावे? माल प्रत्यक्ष पोहोचविल्याचा दिवस हा स्वीकाराचा दिवस होय. माल घेणाऱ्याने पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत विक्रेत्याने दूर केली तो दिवस धरला जातो. अशी लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला गेला असे कायदाच मानतो. विसर्जनानंतर तोंडी सांगितलेल्या तुटफुटीला या चौकटीत स्थान उरत नाही. परंतु माल पोहोचल्याची तारीखच सिद्ध करता आली नाही, तर संपूर्ण गणना अधांतरी राहते.

उदाहरणादाखल एक हिशोब पाहू. १० ऑगस्ट रोजी २ लाख रुपयांच्या मूर्ती पोहोचल्या आणि लेखी करार नाही, तर पैसे २५ ऑगस्टपर्यंत यावयास हवेत. ४५ दिवसांचा लेखी करार असेल तर २४ सप्टेंबरपर्यंत. बँक दर ६ टक्के धरल्यास व्याजाचा दर वार्षिक १८ टक्के, म्हणजे दरमहा दीड टक्का होतो. तीन महिने विलंब झाल्यास व्याज सुमारे ९,१३६ रुपये. रक्कम डोळे दिपविणारी नाही. पण कारखानदार ज्या काळात स्वतः कर्जावर व्याज भरत असतो त्या काळातील ही रक्कम आहे.

वाद सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठीच्या परिषदेकडे, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘फॅसिलिटेशन कौन्सिल’ म्हणतात तेथे, कलम १८ अन्वये नेता येतो. ऑक्टोबर २०१७ पासून ‘समाधान’ या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोयही झाली. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदारास निवाड्यातील ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही कलम १९ मधील तरतूद लहान विक्रेत्यास मोठे बळ देणारी आहे. मात्र हे संरक्षण नोंदणीशी निगडित आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ‘उद्यम’ या नावाने होते. माल दिल्यानंतर केलेली नोंदणी मागील व्यवहारास लागू होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या अन्य पीठाने वेगळे मत मांडून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. या वादात न पडता हंगामापूर्वीच नोंदणी करणे आणि तिचा क्रमांक चलन व बीजक या दोहोंवर छापणे हेच शहाणपणाचे.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर अधिनियमात कलम ४३ब(ह) आणले, त्याचा येथे उल्लेख केला पाहिजे. सूक्ष्म वा लघु उपक्रमाचे पैसे विहित मुदतीत न दिल्यास खरेदीदारास त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल, असे त्याचे स्वरूप आहे. या तरतुदीचा बराच गाजावाजा झाला. पेणच्या दृष्टीने तिचा उपयोग मर्यादित दिसतो. मूर्तींची विक्री ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते आणि खरेदीदाराने ३१ मार्चपूर्वी केव्हाही पैसे दिले तरी त्याची त्या वर्षाची वजावट शाबूत राहते. सहा महिने पैसे अडकवून ठेवणाऱ्यास ही तरतूद काहीच करीत नाही. शिवाय केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास विक्रेता म्हणून हे संरक्षण लाभत नाही. ते मूर्ती घडविणाऱ्यासाठी आहे. म्हणून खरा आधार २००६ च्या अधिनियमाचाच.

वही, सुटे कागद आणि मोबाइल

रोजकीर्द व खतावणी या जुन्या पद्धतीला आजही कायद्यात मान आहे. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशोबवहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य असते. मात्र केवळ त्या नोंदीवरून कोणावर दायित्व लादता येत नाही, तिला अन्य पुराव्याची जोड लागते. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ३४ मधील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये कायम आहे. सुटे कागद म्हणजे हिशोबवही नव्हे, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली व्ही. सी. शुक्ला प्रकरणात स्पष्ट केले. तारेला टोचून ठेवलेल्या चिठ्ठ्यांचे मोल यावरून कळावे. सही असलेले चलन हीच ती जोड.

अलीकडे मागणी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, छायाचित्रे जातात, ‘माल मिळाला’ असा निरोपही येतो. हा निरोप उपयोगी आहे, परंतु न्यायालयात तो इलेक्ट्रॉनिक अभिलेख म्हणून प्रमाणपत्रासह सादर करावा लागतो. जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरले आणि नव्या अधिनियमाच्या कलम ६३ ने त्याचा नमुनाही विहित केला, ज्यात तज्ज्ञाचा भाग वेगळा आहे. लवादाला पुराव्याचे हे नियम तंतोतंत लागू नसले, तरी वाद कोठवर जाईल हे आधी सांगता येत नाही. मोबाइल हरवला, बदलला किंवा निरोप आपोआप पुसले जाण्याची सोय चालू राहिली, तर सर्वच संपते. हंगामात दर आठवड्याला ग्राहकवार संभाषण निर्यात करून संगणकावर व एका बाहेरील डिस्कवर ठेवणे हे काम अर्ध्या तासाचे आहे.

यूपीआयने रक्कम, वेळ आणि देणाऱ्याचे नाव यांची नोंद आपोआप होऊ लागली, ही मोठीच सोय. पण ती रक्कम कोणत्या चलनापोटी आली हे यूपीआय सांगत नाही. मालकाच्या घरखर्चाच्या खात्यातच धंद्याचे पैसे येत असतील, तर गोंधळ वाढतो. चालू खाते वेगळे असावे, हा सल्ला जुना झाला तरी तो अजून पाळला गेलेला नाही.

संगणक कोठे उपयोगी पडतो

एवढा पाया असेल तर साधी हिशोबप्रणालीही पुरते. पहिले काम मालाच्या सांकेतिक नावांचे. एकच आकार कोणी ‘दगडूशेठ’ म्हणतो, कोणी ‘सिंहासन’. प्रत्येक साच्यास क्रमांक देऊन त्यापुढे उंची, माती व रंगकामाची अवस्था जोडल्यास साठ्याची यादी अर्थपूर्ण होते. २०२० नंतर तिची गरज वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करण्यास सांगितले आणि जून २०२५ मध्ये मूर्ती घडविण्यास व विकण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर मात्र निर्बंध ठेवला. अशा काळात आपल्याकडे कोणत्या मातीच्या किती मूर्ती आहेत आणि मनाई झाल्यास आगाऊ रकमेचे काय होईल, हे मागणीपत्रावर आधीच लिहिलेले असणे आवश्यक आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. शेडचे पत्रे उडाल्यावर साठ्याची यादी नव्याने तयार करता येत नाही. विमा असो की बँकेचे मालतारण कर्ज, मागणी होते ती आदल्या महिनाअखेरच्या विवरणपत्राची. ते विवरणपत्र कारखान्यातील एकमेव संगणकात असून उपयोग नाही. त्याची प्रत गावाबाहेर, निदान बँकेच्या ई-मेलवर, गेलेली असली पाहिजे.

येथे पेण नागरी सहकारी बँकेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले, बनावट कर्जखात्यांचे प्रकरण उघडकीस आले आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. नोंद झाली म्हणजे ती खरी असते असे नाही, हे या शहराला वेगळे शिकविण्याची गरज नाही. नोंदीमागे मूळ कागद आणि त्या कागदावर दुसऱ्या पक्षाची सही असावी लागते.

हंगामानंतरचे काम

बी.कॉम.च्या वर्गात कीर्द, खतावणी आणि तेरीज शिकविली जाते. चलनाची तिसरी प्रत मात्र विद्यार्थ्याच्या हातात क्वचितच येते. किनारपट्टीवरील महाविद्यालयांना प्रकल्पकार्यासाठी हे क्षेत्र दारातच उपलब्ध आहे, आणि त्याची योग्य वेळ हंगामातील धावपळ नसून विसर्जनानंतरचे दोन महिने होत. त्या काळात प्रत्येक घाऊक ग्राहकास शिल्लक रकमेचे पत्र दोन प्रतींत पाठवावे, त्यात चलनांचे क्रमांक व तारखा, मिळालेल्या रकमा आणि बाकी नमूद करावी व एका प्रतीवर त्याची तारखेसह सही घेऊन ती फाइलला लावावी. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा करण्यास मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे तीन वर्षे मिळतात. मुदत संपण्यापूर्वी देणे लेखी मान्य करून सही केली गेल्यास कलम १८ अन्वये ती तीन वर्षे त्या सहीच्या दिवसापासून पुन्हा सुरू होतात. ‘गेल्या वर्षीचे राहिलेले’ या सदराखालील जुन्या बाक्यांपासून या पत्रांची सुरुवात केलेली बरी, कारण त्यांची मुदत आधी संपते.