भिडू, बोल की!

कर्जत स्टेशनात थांबलात तर घाटाकडे निघालेल्या गाडीची शिट्टी कान देऊन ऐका. बोरघाट चढायचा म्हणून गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढच्या आणि मागच्या चालकांच्या मध्ये अख्खी गाडी, एकमेकांचं तोंडही दिसत नाही. मग बोलायचं कसं? शिट्टीने. आणि गंमत बघा. गाडी उभी असताना पुढच्याने एक आखूड शिट्टी दिली, तर अर्थ 'मी निघायला तयार'. तीच शिट्टी धावत्या गाडीत दिली, तर 'आता तुझी मदत नको'. शिट्टी एकच, अर्थ जवळपास उलटा!

ब्रिज खेळणाऱ्याला याचं नवल वाटत नाही. त्याच्याकडेही अशीच एक शिट्टी असते. डबल.

मेंढीकोट खेळला असाल तर ब्रिज तुमच्या नात्यातलाच. चौघे जण, समोर बसलेला भिडू, प्रत्येकी तेरा पानं. मोठा फरक हा की खेळाआधी बोली लागते: एवढे हात करतो, हुकूम अमुक. या बोलीची भाषा केवढी? फक्त ३८ शब्द! ३५ बोली, शिवाय पास, डबल आणि रिडबल. तेरा पानांचे संच मात्र ६३,५०१ कोटींहून जास्त प्रकारचे असू शकतात. ३८ शब्दांत ते भिडूला कसे सांगायचे?

मुळात डबल म्हणजे धमकी. 'तुमचं जमत नाही, लावा दंड.' 'चार इस्पिक' बोलून तीन हात कमी पडले, तर साधा दंड १५०. डबल असेल तर ५००. नावाला डबल, वसुली तिपटीहून जास्त!

पण प्रतिस्पर्ध्याने सुरुवातीलाच 'एक बदाम' म्हटलं, तर? सहावर एक, सातच हात करायचेत त्याला. तेवढ्यात कोण छातीठोकपणे म्हणेल की जमणार नाही? म्हणजे तिथे तो शब्द नुसता पडून होता. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या खेळाडूंनी तो उचलला आणि अर्थच फिरवला: 'भिडू, माझ्याकडे पानं बरी आहेत, बदाम सोडून तुझा लांब रंग बोल.' समजा माझ्याकडे इस्पिकचे राजा, गुलाम, नव्वा, चव्वा. बदामाची एकटी सत्ती. चौकटचा एक्का आणि तीन बारकी पानं. किलवरचे राजा, राणी आणि दोन बारकी. यातला कुठला रंग बोलू? कुठलाच नाही. डबल म्हणायचं, तिन्ही रंग एका शब्दात भिडूपुढे! शिवाय डबल जागा खात नाही. भिडू अजूनही 'एक इस्पिक' म्हणू शकतो.

एकदा कुलूप उघडल्यावर काय! भिडूने 'एक चौकट' म्हटलं, मधल्याने 'एक इस्पिक' घुसवलं, आणि मी डबल म्हणालो, तर अर्थ 'माझ्याकडे बदाम आहेत, पण वर चढून बोलण्याइतका दम नाही'. ॲल्विन रॉथने १९५७मध्ये ही युक्ती काढली. त्याच वर्षी सोव्हिएत संघाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून हिचं नाव पडलं स्पुटनिक. आणि प्रतिस्पर्धी तेरापैकी बारा हात करायला निघाले असताना डबल आलं, तर? थिओडोर लाइटनरने त्याला अर्थ दिला: 'नेहमीची उतारी करू नकोस. एका रंगाचं पानच माझ्याकडे नाही, ते काढ, मी हुकूम मारतो.' धमकी, विनंती, गुपित, सगळं एकाच शब्दात.

आता समोरचा भिडू संगणक असेल तर? माणूस आवाज चढवेल, भुवई उडवेल (स्पर्धेत तीही बंदीच, तिथे लाल कार्डावरची फुली मुकाट्याने टेबलावर ठेवायची). यंत्राला ती फुलीच काय ती दिसते. मॅथ्यू गिन्सबर्गने १९९०च्या दशकाअखेर बनवलेला जिब काय करतो बघा. कुठल्या बोलीनंतरचं डबल म्हणजे काय, याचे नियम त्याच्या पोटात असतात. त्यावरून तो मनातल्या मनात पत्ते वाटतो: 'एक बदाम'वर डबल म्हणाला ना, मग त्याच्याकडे बदाम कमी असणार. असे बरेच डाव वाटून, प्रत्येक उघड्या पानांनी खेळून, सरासरीने बरं दिसेल ते बोलतो. माझ्या एका शब्दाने त्याचं अख्खं काल्पनिक जग बदलतं! २०२२मध्ये पॅरिसला नूक नावाच्या संगणकाने आठ जगज्जेत्यांपेक्षा सरस खेळ केला. पण तिथे बोलीच नव्हती, किती हात करायचे ते आधीच ठरवून दिलेलं. पानं खेळणं जमलं. गप्पा वगळल्या होत्या.

त्या गप्पांत मी एकदा सपशेल आपटलो. रात्रीची कर्जत लोकल, बदलापूरला गर्दी उतरलेली, हातात फोन. उजवीकडच्याने 'एक बदाम' म्हटलं आणि माझ्याकडे बदामाचीच पाच पानं, एक्का-राजा-गुलामासकट. सापडला! दाबलं डबल. भिडूने इमानदारीत 'एक इस्पिक' म्हटलं. माझ्याकडे इस्पिकची एकटी दुर्री. पुढचं विचारू नका. चूक अर्थात माझी, शिट्टी चुकीच्या वेळी वाजवली.

महिन्याभराने शेलूच्या आसपास तसाच डाव आला. या वेळी मी पास. डावीकडचाही पास. आणि भिडूने, त्या बिनभुवईच्या भिडूने, डबल म्हटलं: 'बोल की!' मी पुन्हा पास म्हणालो. मी बोललो नाही, म्हणून त्याची विनंती जागच्या जागी धमकी झाली. आणि यंत्राला ते कळलं! हात मिळताच त्याने उतारी केली ती आपल्याकडच्या एकुलत्या एका बदामाची. दोन हात कमी पडले, दंड ३००. नेरळ आलंसुद्धा.