पुण्यातलं घर : वाढलेला भाव आणि वाचणारा पैसा

गेल्या व्याख्यानात आपण ‘मूल्य’ या संकल्पनेचा विचार केला. व्याख्यान संपल्यावर चिठ्ठ्या आल्या. ‘मूल्य’ या शब्दाचा श्रोत्यांनी काय अर्थ घेतला, ते त्या उघडताच कळलं. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या फ्लॅटबद्दल होत्या. मेट्रो आली, आता कोथरूडच्या दोन खोल्यांचं मूल्य किती? विकून बाणेरला जावं का? कर्ज फेडून टाकावं की पैसे एफडीत ठेवावेत? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, घरांची दलाली केली नाही, त्यामुळे भाव काही सांगणार नाही. पण या प्रश्नांच्या मुळाशी विचाराचा एक गोंधळ आहे, आणि गोंधळ सोडवणं हे आमचंच काम. तो सुटला तर पैसेही वाचतात, असं आमचं मत आहे. म्हणून आज तोच विषय, आणि उदाहरणं पुण्याचीच.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्याच भागात पादत्राणाचा दाखला दिला आहे. चप्पल पायात घालता येते, आणि चप्पल देऊन दुसरं काही घेताही येतं. दोन्ही उपयोग चपलेचेच. पण जी पायात आहे ती त्याच क्षणी विकता येत नाही. घराचं तसंच. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये आणखी स्पष्ट लिहून ठेवलंय: ज्या घरात मालक स्वतः राहतो, ते घर त्याच्या उत्पन्नात काहीच भर घालत नाही. उलट ते खर्चाचं कलम आहे. आता तुमचा फ्लॅट तीस वर्षांत चार लाखांचा एक कोटीचा झाला असं धरू. तुम्ही त्यातच राहता. सकाळच्या दुधाचं बिल भरायला त्या कोटीतले किती रुपये हातात आले? एकही नाही.

‘विकलं तर येतील ना!’ येतील की. पण विकून राहायचं कुठे? त्याच शहरात, त्याच बाजारात, वाढलेल्याच भावाने दुसरं घर घ्यावं लागतं. तुमचं वाढलं तसं त्याचंही वाढलेलं असतं. वर अदलाबदलीचा खर्च. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर ६ टक्के, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,०००. म्हणजे एक कोटीचं घर घेताना सात लाख तीस हजार सरकारजमा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतलंत तर साधारणपणे ५ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे आणखी पाच लाख. दलाली आणि सामान हलवणं धरलेलंच नाही. भाव वाढला म्हणून आनंद आणि भाव थांबला म्हणून चिंता, दोन्ही गोष्टी त्याच घरात राहणाऱ्याने फार मनावर घेऊ नयेत. भाववाढीचा खरा फायदा कुणाला? ज्याच्याकडे दुसरं घर आहे त्याला, जो शहर सोडून गावी जाणार आहे त्याला, किंवा वारसांना. (ज्येष्ठांसाठी उलट गहाणाची, म्हणजे रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे. साठीनंतर घर गहाण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेता येते. आपल्याकडे ती फार रुजली नाही. घर मुलांसाठी ठेवायचं, ही आमच्या पिढीची समजूत त्याच्या आड येते.)

तर मग राहत्या घराच्या मालकाचा पैसा वाचतो कुठे? बाजारात नाही. तो वाचतो बँकेच्या पत्रात, महापालिकेच्या बिलात आणि सोसायटीच्या दप्तरात. तिन्ही ठिकाणचे कागद आपण न वाचता फाईलला लावतो.

आधी बँक बघू. ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता साधारण ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम आठ हजार. वीस वर्षांत नुसतं व्याजच ५४ लाखांच्या वर जातं, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षा जास्त. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी हिशोब मांडून बघणारा विरळा.

यापुढची गोष्ट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधलेली आहेत. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. अडीच टक्के वाढ, तीही वर्षाच्या आत. तरी अनेकांचा हप्ता होता तेवढाच राहिला आणि लोक निर्धास्त राहिले. हप्ता तोच राहिला, कारण बँकेने मुदत वाढवली. ५० लाख ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले असतील तर हप्ता ३८,७६५. तोच दर साडेनऊ झाला की महिन्याचं व्याजच ३९,५८३ होतं. म्हणजे मुद्दल फारसं कमी झालं नसेल, तर हप्ता भरूनही कर्ज जिथल्या तिथे, किंवा वर चढतं! साठीला निवृत्त होणाऱ्या माणसाचं कर्ज सत्तरीपर्यंत लांबतं, आणि त्याची वर्दी एका एसएमएसमध्ये असते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर बँकांना सूचना दिल्या. दर बदलला की कर्जदाराला कळवा. हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला ठरवू द्या. मुदत इतकी लांबवू नका की हप्त्यातून महिन्याचं व्याजही भागणार नाही. थोडक्यात, निवड तुमची आहे. पण ती मागावी लागते. बोलला नाहीत तर बँक आपल्या सोयीचं धरून चालते.

दर खाली येतात तेव्हाही हेच. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो एका टक्क्याने उतरला. अशा वेळी हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो. आम्ही म्हणतो, जमत असेल तर हप्ता तोच ठेवा, मुदत घटवा. वरच्याच उदाहरणात दर साडेआठचा आठ झाला असं धरा. हप्ता कमी केलात तर तो ४१,८२२ होतो, म्हणजे महिन्याला दीड हजार हातात राहतात आणि वीस वर्षं कायम. हप्ता ४३,३९१ च ठेवलात तर कर्ज २२० महिन्यांत संपतं. एकूण व्याजातला फरक जवळजवळ पाच लाखांचा. यात हुशारी काही नाही, एक अर्ज आहे. तसंच वर्षाकाठी एक जादा हप्ता मुद्दलात भरला तर वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं. वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. काउंटरवरचा मुलगा काही म्हणाला तर त्याला शांतपणे नियम दाखवायला सांगा.

मग फेडावं की एफडीत ठेवावं? कर्जाचा दर आठ असेल आणि एफडीचं व्याज कर जाऊन त्याहून कमी हातात येत असेल, तर उत्तर उघड आहे. फक्त आजारपणासाठी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय मुद्दलात पैसे घालू नका. ते परत काढता येत नाहीत.

महापालिकेच्या बिलाबद्दल फार वेळ घेत नाही. पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सवलत मिळते. १९७० पासूनची ही सवलत मध्ये बंद झाली, बरीच ओरड झाली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा दिली. पण १ एप्रिल २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना, आणि पाहणीत ज्यांची सवलत गेली त्यांना, पीटी-३ नावाचा अर्ज राहत असल्याच्या पुराव्यासह द्यावा लागतो. आपलं बिल काढून बघा, सवलत लागली आहे का. न लागलेली सवलत दर वर्षी जाते. दुसरं, थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती आहे, वर्षाला चोवीस. एफडी मोडायला नको म्हणून मिळकतकर थकवणारी सुशिक्षित माणसं आम्ही पाहिली आहेत. सातच्या व्याजासाठी चोवीसचा दंड! वेळेत भरणाऱ्याला उलट सर्वसाधारण करात थोडी सूट मिळते.

आता सोसायटी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळ्यात मोठा पैसा इथे आहे आणि सगळ्यात मोठं अज्ञानही.

आपण म्हणतो, ‘घर माझ्या मालकीचं आहे.’ कशाची मालकी? करारनाम्याने तुम्हाला चार भिंतींमधली जागा मिळाली. खालची जमीन? ती सोसायटीच्या नावावर व्हायला वेगळा दस्त लागतो, त्याला अभिहस्तांतरण म्हणतात, बोलताना कन्व्हेयन्स. १९६३ चा मोफा कायदा सांगतो की बिल्डरने ते करून द्यायचं, आणि नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. प्रत्यक्षात चाळीस-चाळीस वर्षं झालेल्या सोसायट्यांच्या मालमत्तापत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव दिसतं. तोवर कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण इमारत जुनी होते, गुडघे कुरकुरायला लागतात, लिफ्ट नसते, आणि पुनर्विकासाची बोलणी निघतात. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनंतर पुण्यात ही बोलणी गल्लोगल्ली चालू आहेत. तेव्हा कळतं की वाढीव बांधकामाचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो, आणि जमीन तर आपल्या नावावरच नाही. मग मूळ मालकाचे वारस उगवतात आणि सहीची किंमत सांगतात.

यावर २००८ च्या दुरुस्तीने उपाय आला आहे: मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स. बिल्डर करून देत नसेल, सापडत नसेल, तरी सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. नोंदणीचं प्रमाणपत्र, सभासदांचे नोंदवलेले करारनामे, मंजूर नकाशा, सातबारा किंवा मालमत्तापत्रक ही कागदपत्रं लागतात. काम कंटाळवाणं आहे, वकिलाची फी आहे, चार सभासदांना हेलपाटे घालावे लागतात. पण सोसायटीने दरवर्षी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर वाद घालण्याऐवजी एक वर्ष यात घातलं, तर जे वाचतं ते लाखांत मोजावं लागेल. पुनर्विकास करायचा नसला तरीही हे करून ठेवा.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: बिल्डर चाळीस टक्के जादा जागा देतोय, घ्यावं का? जादा जागेचा आकडा सगळे विचारतात, पुढचं कुणी विचारत नाही. नवी इमारत म्हणजे दोन लिफ्ट, पंप, रखवालदार, बाग, कदाचित कुणी न वापरणारी जिम. देखभाल खर्च काही पटींनी वाढतो. मिळकतकराची आकारणी जुन्या दराऐवजी नव्या दराने, वाढलेल्या क्षेत्रावर होते. पेन्शन मात्र तेवढीच. तेव्हा जादा जागा की थोडी कमी जागा आणि कायम निधी जास्त, हे ज्याने त्याने आपल्या दरमहाच्या खर्चावरून ठरवावं. तरुण सभासदाचं आणि वृद्ध सभासदाचं उत्तर वेगळं असणार, आणि तसं असायला हरकत नाही.

विकासक निवडताना जुलै २०१९ चे शासनाचे निर्देश हाताशी ठेवा. प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी त्यात आहे. तीच अट ‘बघू नंतर’ म्हणून सोडली जाते. भाडं थांबलं, काम थांबलं, की घर पाडून बसलेल्या माणसाला त्या हमीशिवाय दुसरा आधार नसतो. जुन्या सभासदाला जुन्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या घराच्या करारावर पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क मागता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला आहे. विकत घेतलेल्या जादा जागेवर मात्र ते द्यावं लागतं.

किरकोळ बाबी धावत सांगतो. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५,००० च्या वर नाही. ‘ऐच्छिक देणगी’ म्हणून जे उकळलं जातं ते नाकारता येतं. गच्ची मोकळी असेल तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी सौर यंत्रणेला केंद्राच्या योजनेतून सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण पुनर्विकास दोन-तीन वर्षांवर आला असेल तर त्यात पडू नका, खर्च वसूल व्हायच्या आत ती उतरवावी लागेल.

शेवटची चिठ्ठी. एका बाई विचारतात, कर्ज फेडून तीन महिने झाले, बँक मूळ कागदपत्रं देत नाही, म्हणते दुसऱ्या शहरातल्या गोदामात आहेत. बाई, डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे: पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत कागद परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला. कर्ज त्या तारखेनंतर फिटलेलं आहे, तेव्हा नियम तुम्हाला लागू आहे. उद्या शाखेत जा, फेडीच्या दाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. आणि कागद हातात आले की पिशवीत घालण्याआधी तिथेच बसून पानं मोजा, करारनामा आणि इंडेक्स टू दोन्ही आहेत का बघा.