शहर वाहतुकीतील वारसा बस : लंडनच्या रूटमास्टरचा अनुभव

प्रस्तावना :
जुने वाहन संग्रहालयात जतन करणे आणि तेच वाहन नित्याच्या प्रवासी वाहतुकीत चालविणे, या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या पर्यायात वस्तू टिकते. दुसऱ्यात तिचा वापरही टिकतो. प्रस्तुत लेखात लंडनमधील प्रयोगाच्या आधारे दुसऱ्या पर्यायाची व्यवहार्यता तपासली आहे.

पार्श्वभूमी :
१९५४ ते १९६८ या काळात रूटमास्टर प्रकारच्या २,८७६ दुमजली बस बांधण्यात आल्या. ॲल्युमिनियमच्या बांधणीमुळे ही बस वजनाने हलकी होती. मागील बाजू उघडी असल्याने चढउतार चटकन होई. तिकिटे देण्यास कंडक्टर असल्याने बस थांब्यावर खोळंबत नसे. तथापि उंच पायरी व अरुंद जागा यांमुळे चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशास तीत प्रवेश नव्हता. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या ब्रिटिश कायद्यानंतर ही उणीव दुर्लक्षिणे अशक्य झाले. ९ डिसेंबर २००५ रोजी रूटमास्टरची नियमित सेवा संपुष्टात आली.

वारसा मार्ग :
तत्पूर्वी, १४ नोव्हेंबर २००५ पासून क्रमांक ९ व १५ या मार्गांच्या काही टप्प्यांवर निवडक रूटमास्टर चालविण्यास प्रारंभ झाला होता. पंधरा क्रमांकाची वारसा बस टॉवर हिल ते ट्रफाल्गर चौक या टप्प्यात धावे. भाडे नेहमीचेच होते. त्याच मार्गांवर लो-फ्लोअर बसही धावत असल्याने अपंग प्रवाशांची सोय अबाधित राहिली. पुढे क्रमांक ९ वरील वारसा सेवा जुलै २०१४ मध्ये बंद झाली. क्रमांक १५ वरील सेवा २०१९ मध्ये उन्हाळ्यातील सुट्टीच्या दिवसांपुरती मर्यादित करण्यात आली व त्यानंतर ती पुन्हा सुरू झाली नाही.

विवेचन :
या प्रयोगातील अंतर्विरोध लक्षणीय आहे. ज्या व्यवस्थेमुळे वारसा बस न्याय्य ठरली, तिच्यामुळेच ती अनावश्यकही ठरली. सोबत आधुनिक बस धावत असताना चालक व कंडक्टर अशा दोन कर्मचाऱ्यांची जुनी बस वाहतुकीच्या हिशेबात अतिरिक्त खर्च ठरते. तिच्यामुळे शहराच्या ओळखीला व पर्यटनाला होणारा लाभ मात्र त्या हिशेबात जमा होत नाही.

मुंबईतही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. बेस्टच्या ताफ्यात १९३७ मध्ये दाखल झालेल्या दुमजली बसच्या परंपरेतील अखेरची डिझेल बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी सेवेतून निवृत्त झाली. तत्पूर्वीच, त्याच वर्षी, वातानुकूलित विद्युत दुमजली बस धावू लागल्या होत्या. म्हणजे दुसरा मजला राहिला, जुनी बस गेली.

निष्कर्ष :
वारसा बस चालवावयाची असल्यास ती सुगम बसच्या जोडीने, तिची जागा न घेता चालवावी लागेल. तिचा खर्च प्रवासी भाड्यावर न सोपविता सांस्कृतिक खर्च म्हणून उघडपणे स्वीकारावा लागेल. ही जबाबदारी कोणी घ्यावयाची हे आरंभीच ठरले नाही, तर पहिल्याच काटकसरीत अशी सेवा बळी पडण्याची शक्यता अधिक असते.