मिऊरा कीं डिनो ?

बैलगाडींत ओझें आंसाच्या मागें सरकलें कीं गाडी उलाळ होते, पुढें आलें कीं बैलांच्या मानेवर दाब पडतो. म्हणून शहाणा गाडीवान पोतीं मध्यावर रचतो. मोटारींत सर्वांत जड वस्तु म्हणजे इंजिन. तें आसनें आणि मागील आंस यांच्यामध्यें बसविलें तर वळणावर गाडी चपळतेनें वळते. या पद्धतीच्या दोन इटालियन मोटारी संग्राहकांना विशेष प्रिय आहेत: लाम्बोर्गिनीची मिऊरा (१९६६ ते १९७३) आणि फेरारीच्या कारखान्याची डिनो २४६ (१९६९ ते १९७४).

नागपूरच्या हौशी गृहस्थाला हा प्रश्न आतांच कां पडावा ? १९५० पूर्वींच्याच जुन्या मोटारी परदेशांतून मोकळेपणें आणतां येत असत. २०२५ सालीं ही मर्यादा बदलून पन्नास वर्षें पूर्ण झालेल्या गाड्यांना वाट मिळाली, आणि या दोन्ही तींत बसतात. मात्र जकात इतकी जबर, कीं निवड चुकली तर भुर्दंड जन्मभर आठवावा !

मिऊरा रूपानें अद्वितीय. बारा सिलिंडरांचें, ३९२९ घन सेंटिमीटरांचें, सुमारें ३५० अश्वशक्तीचें इंजिन पाठीशीं आडवें बसविलेलें. परंतु जागा वांचविण्यासाठीं इंजिन व गिअर यांना एकच तेल दिलें, त्यामुळें गिअरचा झिजलेला कीस इंजिनांत फिरतो. शेवटच्या कांहीं गाड्यांतच हें तेल वेगळें झालें. पेट्रोलची टांकी पुढें. ती रिकामी होत गेली कीं भरधाव वेगांत नाक हलकें होतें. गाडीवानाच्या भाषेंत, गाडी उलाळ होते. याहून वाईट म्हणजे गाडी उभ्या जागीं चालू राहिल्यास कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडतें, आणि अशा आगींत कित्येक मिऊरा जळाल्या आहेत. मे महिन्यांतील ४५ अंशांच्या उन्हांत सीताबर्डीच्या गर्दींत तिला अडकविण्याचें धाडस कोणी करूं नये.

डिनोला सहाच सिलिंडर, २४१८ घन सेंटिमीटर, अश्वशक्ति १९५. एन्झो फेरारी यांच्या १९५६ सालीं वारलेल्या मुलाचें हें नांव; गाडीवर फेरारीचा घोडा नव्हता, म्हणून कित्येक वर्षें कांहीं शौकीन तिला सावत्र मानीत. बिरुदावरून पारख करण्याची ही खोड शाळेपासूनचीच ! त्याच घराण्याचें इंजिन फियाट व लान्सिया यांच्या मोटारींतही बसलें, त्यामुळें तें जाणणारे कारागीर व सुटे भाग तुलनेनें सांपडतात. मिऊरा साडेसातशेंच्या आसपास झाल्या, डिनो २४६ साडेतीन हजारांहून अधिक. किंमतींतही मिऊरा कित्येक पट वर.

२०२१ च्या नियमांप्रमाणें अशा गाडीची वेगळी नोंद होते. रोजच्या वापरास मनाई असून प्रदर्शन, रॅली, इंधन भरणें वा दुरुस्ती एवढ्यासाठींच ती रस्त्यावर आणतां येते. हिवाळ्यांतील अशा रॅलीला चालवीत नेऊन चालवीतच परत आणायची असेल, तर डिनोच घ्यावी. फक्त जहाजावर चढविण्यापूर्वीं दारांखालील पट्ट्या एखाद्या जाणत्याकडून ठोकून पाहाव्या, कारण तेथें पाणी सांचतें, आणि नव्या रंगाखालीं पोलाद गंजलेलें असूं शकतें.