लाकडाच्या पोटातली पोकळी

ओंडक्याला तडा का जातो हे एकदा नीट समजून घेतलं, की जपानी मूर्तिकलेतल्या हजार-बाराशे वर्षांच्या करामतींचा उलगडा व्हायला लागतो. जिवंत झाडाच्या खोडात भरपूर पाणी असतं. झाड कापलं की ते हळूहळू सुकतं आणि सुकताना आकसतं, पण सगळीकडून सारखं नाही. उभ्या लांबीत ते जवळपास आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते घेरात आकसतं. म्हणजे घेर अपुरा पडतो आणि आतलं लाकूड मात्र त्या मानानं घटलेलं नसतं. मग ओंडका कुठंतरी फाटतोच, आणि तडा बाहेरून थेट गाभ्याच्या दिशेनं जातो. एवढ्यावर भागत नाही. पावसाळ्यात घट्ट बसणारं आणि उन्हाळ्यात सैल होणारं घरचं दार आपल्याला सांगतच असतं, की कापून कितीही वर्षं झाली तरी लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं.

आता मूर्तिकाराची अडचण बघा. अखंड ओंडक्यातून बुद्ध कोरला, महिनोन्‌महिने खपून चेहऱ्यावर शांती उतरवली, आणि पुढच्या काही वर्षांत भेग नेमकी कपाळावरून हनुवटीपर्यंत उतरली, तर? जपानी कारागिरांनी काढलेला तोडगा ऐकायला अगदी साधा आहे. मूर्ती पाठीकडून किंवा तळाकडून कोरून आतून पोकळ करायची. भांडणाचं मूळ असलेला गाभाच काढून टाकला की उरलेलं लाकूड पातळ होतं, आतून-बाहेरून सारखं वाळतं आणि ताण कमी होतो. वजनही घटतं.

पण पोकळी तयार झाली की माणसाला स्वस्थ बसवत नाही. तिच्यात काय ठेवावं?

क्योटोच्या सेइर्योजी मंदिरात शाक्यमुनींची उभी लाकडी मूर्ती आहे, माणसाच्या उंचीची. चोनेन नावाच्या जपानी भिक्षूनं ९८५ साली चीनमध्ये ती करवून घेतली आणि समुद्रापार मायदेशी आणली. कौशांबीच्या उदयन राजानं बुद्ध हयात असतानाच त्यांची चंदनाची प्रतिमा घडवून घेतली, अशी जुनी कथा आहे. चीनमध्ये जी मूर्ती तीच मूळ प्रतिमा म्हणून पूजली जात होती, तिची ही नक्कल. विसाव्या शतकाच्या मध्यात या मूर्तीची पाठ उघडली गेली तेव्हा आत पोथ्या आणि कागदपत्रं तर निघालीच, शिवाय निघाले कापडाचे अवयव! हृदय, फुप्फुसं, यकृत, आतडी, सगळं रेशमी कापडाचं शिवलेलं. माणसाच्या पोटात काय काय असतं, याची ही हजार वर्षांपूर्वीची समज. कुणीतरी सुईदोरा घेऊन बसलं आणि कुणाच्या नजरेला कधी पडणार नाही असं आतडं जिवापाड काळजीनं शिवलं. मला त्या शिवणाऱ्या हातांचा विचार सोडवत नाही.

अकराव्या शतकात जोचो नावाच्या मूर्तिकारानं याच्या पुढचं पाऊल टाकलं. आधी भरीव ओंडका घेऊन मग पोकळ करण्यापेक्षा अनेक लहान ठोकळे एकमेकांना जोडून मुळातच पोकळ मूर्ती उभी करायची, ही पद्धत त्यानं परिपूर्ण केली. क्योटोजवळ उजी गावातल्या ब्योदोइन मंदिरात १०५३ सालचा त्याचा अमिदा बुद्ध आजही बसलेला आहे, पावणेतीन मीटरच्या आसपास उंच, सोन्याचा वर्ख चढवलेला. या पद्धतीमुळे प्रचंड वृक्षाची गरज संपली. शिवाय एकानं हात, दुसऱ्यानं गुडघे, तिसऱ्यानं मस्तक कोरावं अशी कामाची वाटणी करता आली आणि मोठमोठे कारखाने उभे राहिले.

पोकळीनं दिलेलं सगळ्यात मोठं दान म्हणजे डोळे. बाराव्या शतकात नारा परिसरातल्या मूर्तिकारांनी एक युक्ती रुजवली. मस्तक आतून कोरायचं, डोळ्यांच्या जागी आरपार भोकं पाडायची आणि आतल्या बाजूनं स्फटिकाची पातळ, बाक दिलेली चकती बसवायची. चकतीच्या मागच्या बाजूला बुबुळ रंगवायचं, त्यामागे पांढरा कागद किंवा कापूस लावायचा आणि सगळं बांबूच्या बारीक खुंट्यांनी पक्कं करायचं. अंधाऱ्या देवळात दिवा हलला की त्या डोळ्यांत ओल दिसते. नाराच्या कोफुकुजी मंदिरात उन्केई या मूर्तिकाराच्या देखरेखीखाली १२१२च्या सुमारास घडलेल्या दोन मूर्ती पाहाव्यात. त्या आहेत असंग आणि वसुबंधू यांच्या, म्हणजे गांधार देशातल्या दोन विद्वान भावांच्या. घडवणाऱ्यांनी ना हे भाऊ पाहिले होते, ना त्यांचा देश. आठशे वर्षं ते दोघे पाणावलेल्या नजरेनं बघताहेत, आणि त्या नजरेमागे आहे कापूस आणि बांबूची काडी.

याच उन्केईचं सर्वांत दांडगं काम नारातच आहे. ११८०च्या युद्धात तोदाइजी हे महामंदिर जळून खाक झालं. चोगेन नावाच्या साठीतल्या भिक्षूनं ते पुन्हा उभारायचा विडा उचलला. त्यासाठी दूर पश्चिमेकडच्या सुओ प्रांतातल्या डोंगरांतून लाकूड तोडून नदीतून आणि समुद्रातून आणलं. मंदिराच्या दक्षिण महाद्वारात, नान्दाइमोनमध्ये, १२०३ साली निओ म्हणजे द्वारपालांची जोडी उभी राहिली. वज्रपाणीच्या कुळातले हे दोघे. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. प्रत्येकाची उंची ८ मीटरहून जास्त. आणि दोन्ही मूर्ती पुऱ्या झाल्या केवळ ६९ दिवसांत!

हे कसं शक्य झालं ते १९८८ ते १९९३ या काळात मूर्ती सुट्या करून दुरुस्त केल्या तेव्हा दिसलं. एकेक मूर्ती सुमारे ३००० तुकड्यांची निघाली. उन्केई, काइकेई, तांकेई, जोकाकु अशी थोर मूर्तिकारांची नावं आणि त्यांच्या हाताखालच्या मदतनिसांच्या नोंदीही आत सापडल्या. सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. मूर्ती उभ्या केल्यावर, खालून पाहताना प्रमाण बिघडलेलं वाटलं म्हणून बेंबीसारख्या खुणांची जागा बदललेली होती, नजर खाली वळावी म्हणून डोळ्यांवर पुन्हा काम केलेलं होतं. अखंड ओंडक्यात ही दुरुस्ती कशी करणार? इथं नको तो तुकडा काढला आणि नवा बसवला.

जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकीनं १९०८ साली लिहिलेल्या स्वप्नकथांमध्ये एक स्वप्न याच उन्केईचं आहे. मूर्ती लाकडात आधीच दडलेली असते आणि मूर्तिकार ती फक्त उकरून काढतो, असं त्यात कुणीतरी सांगतं. कल्पना मोहक आहे, आपल्याकडेही दगडाच्या बाबतीत ती आवडीनं सांगितली जाते. पण नान्दाइमोनचे निओ कुठल्याच ओंडक्यात दडलेले नव्हते. ते जोडून, ठोकून, पाहून, बदलून घडवलेले आहेत, आणि मला तरी हेच जास्त थक्क करणारं वाटतं.

ही विद्या जुन्या देवळांतच थांबली नाही. फुनाकोशी कात्सुरा (१९५१–२०२४) या शिल्पकारानं कापराच्या झाडाच्या लाकडातून आजच्या काळातली माणसं कोरली: कमरेपर्यंतची, साध्या शर्टातली, गप्प. त्यांचे डोळे संगमरवराचे, मस्तकाच्या पोकळीतून बसवलेले. बुबुळं किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेली, त्यामुळे आपण समोर कुठंही उभे राहिलो तरी त्या माणसाशी नजरानजर होत नाही. जर्मनीचा स्टेफान बाल्केनहोल नेमका उलट वागतो. माणूस आणि त्याच्या पायाखालचा चौथरा तो एकाच ओंडक्यातून काढतो, छिन्नीचे घाव तसेच ठेवतो आणि लाकूड तडकलं तर तडकू देतो.

म्हणून एक विनंती. लाकडी मूर्ती दिसली तर समोरून पाहून पुढे सरकू नका. वाट असेल तर मागे जा. पाठीवर बसवलेली फळी, सांध्याची रेघ किंवा आत कोरलेली पोकळी दिसते का ते शोधा. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जर्मन संतमूर्तींच्या पाठीही अशाच कोरून काढलेल्या आढळतात, कारण लाकडाचा स्वभाव तिथंही तोच. आणि कधी नाराला गेलात तर नान्दाइमोनमधून जायला तिकीट लागत नाही. तिथले दोन्ही द्वारपाल एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. वाटेच्या मधोमध थांबा आणि दोघांनाही खालून, मान वर करून पाहा. त्यांचे डोळे त्याच जागेसाठी बदललेले आहेत.