जालना जिल्ह्यातील ग्रामीण बालजीवन आणि स्वनिर्मित खेळणी : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा हा मराठवाड्यातील कृषिप्रधान प्रदेश होय. येथील ग्रामीण मुलांची बहुतेक खेळणी बाजारातून येत नसत. ती शेतशिवारातील साधनांतून, मुलांच्याच हातून आकार घेत. म्हणून या खेळण्यांचा अभ्यास हा पर्यायाने पीकपद्धतीचाही अभ्यास ठरतो.

धांड्याची बैलगाडी :
ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याची साल सोलली की आत हलके, मऊ भेंड मिळते. भेंडाचे तुकडे सालीच्या टोकदार काड्यांनी एकमेकांत टोचून जोडले म्हणजे खिळा वा डिंक न वापरता जू, धुरा आणि चाके तयार होतात. बाभळीचा काटा आसाचे काम करतो. गाडीचे भाग व त्यांची नावे मुले अशी हातानेच शिकत. पोळ्याला चिकणमातीचे बैल घडवून त्यांची पूजा होते. ही परंपरा प्राचीन आहे; शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या नाटकाचे नावच मुलाच्या मातीच्या गाडीवरून पडले आहे.

गोफण :
गोफण हे खेळणे आणि औजार दोन्ही होय. अंबाडीच्या वाखाची दोरी वळून मध्ये खडा ठेवण्यासाठी विणीचा खोलगट भाग करतात. एका दोरीचा फास बोटात अडकवून दुसरी मुठीत धरतात. गरगर फिरवून ती सोडली की खडा वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने वेगाने सुटतो. हुरड्यात आलेल्या ज्वारीवरील पाखरे हाकताना मुले दिशा, वेग व नेम यांचा अंदाज अनुभवातून घेत.

ऱ्हासाची कारणे :
कापूस व सोयाबीन या नगदी पिकांच्या विस्ताराने ज्वारीचे क्षेत्र घटले. कपाशीची पऱ्हाटी कठीण असते. तिच्यातून भेंडाची गाडी घडत नाही. नायलॉनच्या दोरीने अंबाडीची, तर ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली. थोडक्यात, प्लास्टिकची खेळणी हे या ऱ्हासाचे एकमेव कारण नव्हे. मुलांच्या हाताजवळचा कच्चा मालच दुर्मीळ झाला.

समारोप :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर खेळणी-आधारित अध्यापनाला महत्त्व आले आहे. त्यासाठी महागडे संच आवश्यक नाहीत. गावातील ज्येष्ठांना शाळेत बोलावून धांड्याची गाडी व गोफण प्रत्यक्ष करवून घेतल्यास विज्ञान, भाषा आणि शेती यांचा सहज मेळ बसेल. हे कौशल्य लिखित स्वरूपात क्वचितच आढळते. ते हातातून हातात जाते. जाणत्या पिढीबरोबर ते लोपण्यापूर्वी त्याची नोंद होणे अगत्याचे आहे.