घाटाखालचे पनवेल, खाडीमुखावरचे करंजा

आल्प्समधील इन नदीच्या काठचे इन्सब्रुक हे शहर मोठे झाले ते नदीपेक्षाही ब्रेनर खिंडीमुळे, कारण जर्मनी आणि इटली यांच्यातील वाहतूक सुमारे १,३७० मीटर उंचीची ही वाट उतरून त्याच्या दाराशी येत असे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पनवेलला तेच स्थान बोरघाटाने दिले. माथेरानच्या डोंगरांत उगम पावणारी गाढी नदी आखूड आणि पावसाळा सरताच रोडावणारी; तरीही तिच्या मुखाशी भरतीचे पाणी खाडीतून आत चढत असल्यामुळे गलबते पनवेल बंदरापर्यंत येत आणि देशावरून घाट उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून तेथे जहाजात चढे.

या जलमार्गावर नजर ठेवणारे ठिकाण म्हणजे करंजा. आज हे उरणजवळच्या कोळी वस्तीचे गाव असले, तरी जुन्या कागदपत्रांत या नावाने द्रोणागिरीसह सबंध उरण बेट ओळखले जाई, ज्याच्या उत्तरेकडून पनवेलची वाट जाते आणि दक्षिणेस पाताळगंगा व अंबा या नद्यांचे पाणी धरमतरच्या खाडीतून समुद्रास मिळते. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यानंतर ते इंग्रजांच्या हाती गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, परंतु साष्टी, घारापुरी आणि करंजा इंग्रजांनी सोडले नाही, यावरूनच मुंबई बंदराच्या रक्षणासाठी या बेटाची किंमत त्यांनी किती ओळखली होती हे दिसते.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा पनवेलची भरभराट झाली, १८५२ मध्ये तेथे नगरपालिकाही आली. मात्र १८६३ मध्ये कर्जतमार्गे घाट चढणारी रेल्वे सुरू होताच व्यापाराने पनवेलला वळसा घातला. जगाशी पुन्हा थेट नाते जुळले ते १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा बंदरामुळे, आणि त्यात २०२५ मध्ये विमानतळाची भर पडली. त्यासाठी उलवे टेकडी कापावी लागली, उलवे नदीचे पात्र वळवावे लागले, तर बंदर व वसाहतींसाठी उरण-पनवेल पट्ट्यातील मिठागरे आणि खाजणे, म्हणजे भरतीचे पाणी पसरण्याच्या सखल जमिनी, भरावाखाली गेल्या. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की घाटावरून उतरणारे पाणी तुंबते. म्हणून उरलेली खाजणे मोकळी ठेवणे ही या बंदरनगरीची निकड मानली पाहिजे.